आजोबांचं पेन आणि पर्मनंट शाई

आजोबांच्या एबोनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या, पेनात पर्मनंट शाई भरावी का, असं तुम्ही विचारलंत. माझं मत : लगेच नको. आधी एखाद्या स्वस्त पेनात महिनाभर वापरून बघा.

पर्मनंट म्हणजे कोणती, तेही पाहायला हवं. आयर्न गॉल शाई म्हणजे हिराकस (लोखंडाचा क्षार) आणि मायफळातलं टॅनिन. हो, बाळगुटीतलंच मायफळ! आपल्याकडे हिरडा आणि हिराकस घालून शाई करत, रसायन तेच. हवा लागली की ती कागदावर काळी पडते आणि पाण्याला दाद देत नाही. हेच पेनात घडलं तर फीडच्या, म्हणजे नीबखालच्या शाई पुरवणाऱ्या भागाच्या, बारीक खाचांत गाळ बसतो. शिवाय ती आम्लधर्मी, त्यामुळे मुलामा दिलेल्या नीबला जपावं लागतं. पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची, शाई एकदा आत वाळली की काढणं आणखी कठीण. चित्रकलेची लाखयुक्त इंडिया इंक तर फाउंटन पेनात कधीच नको.

मी ठाण्यात, नौपाड्यात राहतो. गेल्या जुलैत स्टील नीबच्या पेनात आयर्न गॉल भरली, रोज एक पान लिहिलं, मग पाच दिवस टोपण लावून ठेवलं. पहिली ओळ फिकट आली, पुढे सुरळीत. लिहिलेला कागद दुसऱ्या दिवशी नळाखाली धरला. निळा रंग वाहून गेला, करडी-काळी अक्षरं तशीच उभी! फार आनंद झाला. पण ती पावसाळ्यातली दमट हवा होती, तिच्यात शाई लवकर वाळत नाही. मे महिन्यात हीच चाचणी पुन्हा घेणार आहे.

धुताना आधी साधं पाणी, डाग उरलाच तर पाण्यात चिमूटभर व्हिटॅमिन सीची पूड, मग पुन्हा भरपूर पाणी. एबोनाइटला गरम पाणी मात्र लावू नका, रंग उडतो.