प्रतिसाद : गाठी आठवतात, थांबणे शिकावे लागते

बावीस वर्षांच्या खंडानंतर स्काउटमास्टर (स्काउट मुलांच्या पथकाचा प्रौढ प्रमुख) म्हणून पथकात परतावेसे वाटते, पण गाठी आणि प्रथमोपचार विसरलो आहोत, ही वरच्या प्रश्नात व्यक्त झालेली शंका इंदूरला परतताना माझ्याही मनात होती. गाठींची चिंता करू नये. ‘रीफ नॉट’ आणि ‘क्लोव्ह हिच’ या नेहमीच्या गाठी दोर हाती घेताच आठवू लागतात आणि उरलेला अभ्यास स्काउटमास्टरांच्या बेसिक कोर्समध्ये होतो. अवघड भाग वेगळा आहे. सहा ते आठ मुलांची टोली आणि मुलांमधलाच टोलीनायक (महाराष्ट्रात त्याला संघनायक म्हणतात) हा स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांच्या पद्धतीचा गाभा असल्यामुळे, ज्या कामात आपण लहानपणी तरबेज होतो तेच काम मुलांना चुकत चुकत करू देणे प्रौढाला भाग असते. पहिल्याच शिबिरात तंबू सैल उभा राहतो आहे हे पाहून मी एका टोलीनायकाच्या हातातला दोर घेतला, आणि तो मुलगा संध्याकाळपर्यंत एक शब्दही बोलला नाही. ते मला अजून टोचते. तेव्हापासून जिवाला धोका असेल तरच, म्हणजे इंदूरजवळच्या पाताळपाणी धबधब्यासारख्या ठिकाणी पाण्याच्या काठाशी, मी मध्ये पडतो. बाकी वेळी दहा पावले दूर उभा राहतो. पुढील प्रशिक्षणासाठी स्काउटचे राष्ट्रीय केंद्र पचमढीला, आपल्याच मध्य प्रदेशात आहे. तिथे अवश्य जावे. मात्र आधी महिनाभर पथकाच्या साप्ताहिक सभेला नुसते बसून पाहावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.