ई-एमटीबी (मोटर असलेली माउंटन सायकल) : वाचलेला वेळ साखळीच खाऊन टाकते
सकाळी तासभरच मोकळा असेल तरी मोटरच्या जोरावर ठाण्याच्या येऊर डोंगराचा चढ आटोपून ऑफिस गाठता येतं, असं ई-एमटीबीबद्दल म्हणतात आणि ते अगदी पटतं. पण त्यात देखभालीचा वेळ कुणीच धरत नाही. मोटर पेडलपाशी असेल तर तिचा सगळा जोर साखळीतूनच मागच्या चाकाला जातो. त्यात आपला पावसाळी चिखल, म्हणजे साखळी साध्या सायकलपेक्षा लवकर झिजते. साखळीची झीज मोजायचं गेज घरी ठेवाच. ११-१२ गिअरच्या साखळीची झीज ०.५ टक्के दिसली की ती बदला, नाहीतर कॅसेटही (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) जाते आणि तो खर्च बराच मोठा. चढावर गिअर बदलताना क्षणभर पायाचा जोर कमी करा.

आणि महिनाभर सायकल बाहेर निघणार नसेल (वेळ कमी असणाऱ्यांचं हेच होतं), तर बॅटरी पूर्ण भरून ठेवू नका. ३० ते ६० टक्क्यांवर, उन्हापासून लांब ठेवा.