मदत हवी आहे: ग्रुप कॅप्टिव्ह सौर प्रकल्पात 10 टक्के हिस्सा घ्यायचा का? (कोल्हापूर, फाउंड्री)

ओतकाम_शिरोली:
शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे. एचटी (उच्चदाब) कनेक्शन, कॉन्ट्रॅक्ट डिमांड (मंजूर कमाल मागणी) 900 केव्हीए, महिन्याचा वापर साधारण 2.5 लाख युनिट. एका विकासकानं 10 मेगावॉटच्या सौर प्रकल्पात ग्रुप कॅप्टिव्हचा (वीज वापरणाऱ्यांनीच मिळून प्रकल्पात हिस्सा घ्यायचा) प्रस्ताव दिला आहे. प्रकल्पखर्च 40 कोटी, त्यात 28 कोटी कर्ज आणि 12 कोटी भागभांडवल. वर्षाला दीड कोटी युनिट निर्मिती धरली आहे. वीज वापरणारे सगळे मिळून 26 टक्के शेअर घेणार, त्या 26 पैकी 10 टक्के आम्ही घ्यावेत, म्हणजे 12 कोटींतले 1.20 कोटी. बदल्यात वर्षाला 25 लाख युनिट, 25 वर्षं ठरलेल्या दरानं.

माझे प्रश्न असे: 10 टक्के हा आकडा बरोबर आहे का? आमच्या भट्ट्या मुख्यतः मध्यरात्रीनंतर चालतात, तर दिवसाची सौर वीज रात्री वापरता येईल का? आणि आयकरातल्या 40 टक्के घसाऱ्याचा फायदा आम्हाला मिळेल असं विकासक म्हणतो, ते खरं का?

मीटरवाचक:
आधी कायद्याचं गणित, कारण सगळं त्यावर उभं आहे. वीज नियम 2005 मधला नियम 3 दोन अटी घालतो. वीज वापरणाऱ्यांकडे मतदानाचा हक्क असलेलं किमान 26 टक्के भागभांडवल हवं आणि वर्षाच्या निर्मितीतली किमान 51 टक्के वीज त्यांनीच वापरायला हवी. प्रकल्प स्वतंत्र कंपनीत (एसपीव्ही) असेल तर तिसरी अट येते: प्रत्येकाचा वापर त्याच्या हिश्श्याच्या प्रमाणात हवा, फरक 10 टक्क्यांपर्यंत चालतो. एसपीव्हीलाही प्रमाणाची अट लागते हे सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2023 मध्ये स्पष्ट केलं आहे.

51 ला 26 नं भागलं की 1.96 येतात. म्हणजे 1 टक्का शेअरमागे निर्मितीच्या 1.96 टक्के वीज वापरायची. तुमच्या प्रकल्पात दीड कोटीचे 1.96 टक्के म्हणजे 2.94 लाख युनिट. 10 टक्क्यांना 29.4 लाख, 10 टक्के सूट धरून किमान 26.46 लाख. तुम्हाला मिळणार 25 लाख! कागदावरच तुम्ही प्रमाणाबाहेर आहात. हा प्रस्ताव आहे तसा सही करू नका.

अट मोडली तर काय होतं ते विकासक सहसा सांगत नाही. वर्षाअखेरच्या तपासणीत प्रकल्प कॅप्टिव्ह ठरला नाही, तर त्या वर्षाची सगळी वीज साधी विक्री धरली जाते. मग क्रॉस सबसिडी सरचार्ज आणि अतिरिक्त अधिभार (महावितरणऐवजी दुसरीकडून वीज घेण्यावरचे आकार) दोन्ही मागच्या तारखेनं लागतात. कॅप्टिव्ह वापरावर अतिरिक्त अधिभार नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर 2021 चा निकाल कॅप्टिव्ह ठरलात तरच कामाला येतो.

घसाऱ्याबद्दल: मालमत्ता एसपीव्हीची, म्हणून घसारा एसपीव्हीच्या ताळेबंदात. शेअर घेणाऱ्याला तो मिळत नाही. 40 टक्के स्वतःला हवे असतील तर यंत्रणा स्वतःच्या मालकीची लागते.

भारपत्रक:
25 लाख युनिट तरी तुमच्याकडून वापरली जातील का? महावितरणच्या मीटरचा 15-15 मिनिटांचा 12 महिन्यांचा डेटा काढा. दिवसाचे 96 ठोकळे असतात आणि ओपन ॲक्सेसचा (महावितरणच्या तारांमधून दुसऱ्याची वीज आणण्याचा) हिशेब त्यावरच होतो. तो मिळेपर्यंत टीओडी स्लॉटप्रमाणे (दिवसाच्या वेळेनुसार वेगळ्या दराचे टप्पे) युनिट इथे टाका.

ओतकाम_शिरोली:
सरासरी महिना असा: सकाळी 9 ते संध्याकाळी 5 मध्ये 70 हजार, 5 ते रात्री 12 मध्ये 50 हजार, 12 ते 6 मध्ये 1.10 लाख, 6 ते 9 मध्ये 20 हजार.

भारपत्रक:
मग चित्र स्पष्ट आहे. दिवसाच्या 70 हजारांतले थेट जुळणारे 60 हजारच धरा. सकाळी लवकर आणि साडेचारनंतर पॅनल पुरेसं देत नाहीत, आणि सुट्टीच्या दिवशी निर्मिती चालू पण शेड बंद. उरलेली वीज बँकेत, म्हणजे ग्रीडमध्ये जमा ठेवून नंतर वापरायची. 2022 च्या हरित ओपन ॲक्सेस नियमांत वितरण कंपनीकडून होणाऱ्या मासिक वापराच्या किमान 30 टक्क्यांपर्यंत बँकिंग द्यावं, असं आहे. एकूण वापरावर धरली तर 75 हजार, महावितरणकडून उरलेल्या वापरावर धरली तर 55 ते 57 हजार. कमी आकडाच पकडा. ही युनिटं मध्यरात्रीनंतरच्या भट्टीला लावता येतील असं इथे धरतो, पण चालू नियमांत तशी परवानगी आहे का ते आधी तपासा. संध्याकाळी 5 ते 12 च्या महाग स्लॉटमध्ये मात्र दुपारची बँक वापरता येईल असं गृहीत धरू नका. महिनाअखेर उरलेलं पुढच्या महिन्यात जात नाही.

म्हणजे महिन्याला 1.15 लाख, वर्षाला साधारण 14 लाख युनिट. त्याला 2.94 नं भागा: पावणेपाच टक्के हिस्सा, 57 लाख रुपये. सांगितलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमी.

आणि अडकलेल्या पैशाचं व्याज दरात मिळवा, ही गोष्ट जवळजवळ सगळेच विसरतात. 1.20 कोटीवर 9 टक्क्यांनी वर्षाला 10.80 लाख. वापर 14 लाख युनिटच झाला तर युनिटमागे 77 पैसे. 57 लाखांवर तोच बोजा 37 पैसे.

पवनमापी:
रात्रीच्या भट्टीसाठी सौर-पवन हायब्रिडचा प्रस्ताव मागवा. सातारा, सांगली, धुळे पट्ट्यात जून ते सप्टेंबर वारा जोरात असतो, तेव्हाच ढगांमुळे सौर निर्मिती घसरते. पवनचक्की रात्रीही युनिट देते, त्यामुळे तुमच्या 12 ते 6 ला थेट जुळणी होते आणि बँकिंगवरचा भार कमी होतो. पण वार्षिक सरासरी दाखवली तर मान्य करू नका, महिनावार निर्मिती मागा. वर्षभराची बरीचशी वीज पावसाळ्यातच तयार होते. त्या महिन्यांत तुमच्या गरजेपेक्षा जास्त आली तर ती वाया जाईल. पी50 (निम्म्या शक्यतेनं गाठली जाणारी निर्मिती) ऐवजी पी90 (90 टक्के शक्यतेनं गाठली जाणारी) चा आकडा धरून हिस्सा ठरवा.

मीटरवाचक:
करारात हे तपासा. दर प्रकल्पाच्या टोकाचा आहे की तुमच्या मीटरचा? व्हीलिंग (वितरणाच्या तारा वापरण्याचा आकार), पारेषण आकार आणि दोन्हीकडचे लॉसेस मध्ये येतात, त्यामुळे प्रकल्पावरचं 1 युनिट तुमच्याकडे 1 युनिट म्हणून पोहोचत नाही. दर मीटरपाशी मोजून मागा. टेक-ऑर-पे (वीज उचला किंवा तरी पैसे भरा) असेल तर किमान उचल 14 लाखांच्या 80 टक्क्यांवर नको; मंदीत भट्टी बंद राहिली तरी बिल सुरू राहील. कॅप्टिव्ह दर्जा गेला तर अधिभार कोण भरणार? तुमच्या वापरामुळे गेला तर तुम्ही, दुसऱ्या भागधारकामुळे किंवा कमी निर्मितीमुळे गेला तर विकासक, असं नावानिशी लिहून घ्या. नियम 3 मध्ये पुढे दुरुस्ती झाली तर हिस्सा बदलण्याची सोयही हवी.

कॉन्ट्रॅक्ट डिमांड कमी करायचा मोह टाळा. ढगाळ दिवशी पूर्ण भार महावितरणवरच येतो आणि ओलांडलेल्या डिमांडचा दंड बचत खाऊन टाकतो. मीटरिंग क्युबिकलमधले सीटी-पीटी (मीटरला जोडलेले मोजणीचे ट्रान्सफॉर्मर) 0.5 अचूकता वर्गाचे असतील तर ते बदलावे लागू शकतात. त्याला शटडाऊन लागतं, भट्टीचं अस्तर बदलायच्या दिवशीच ते उरका.

ओतकाम_शिरोली:
खूप आभार. पावणेपाच टक्क्यांवर विकासक तयार झाला तर पैसे केव्हा द्यायचे? तो सहीच्या दिवशी सगळे मागतो आहे.

भारपत्रक:
सगळे देऊ नका. जमीन आणि ग्रीड जोडणीची परवानगी दाखवल्यावर 10 टक्के, कर्ज मंजुरीपत्रानंतर 40 टक्के, बाकी एस्क्रो खात्यात (अटी पूर्ण होईपर्यंत त्रयस्थाकडे राहणारे पैसे); शेअर तुमच्या नावावर चढले आणि प्रकल्प सुरू झाला की मोकळे करा. वीज सुरू होण्याआधी शेअर तुमच्या नावावर असल्याचा पुरावा हातात हवा, कारण मालकीची तपासणी त्यावर होते. बाहेर पडताना शेअर किमान मूळ किमतीला परत घेण्याचं बंधन विकासकावर हवं, आणि बँकेकडे शेअर तारण ठेवायचे असतील तर तुमचे त्यात नसावेत.

पवनमापी:
आणि हे सगळं करण्याआधी शेडच्या छपराचं माप घ्या. सावली नसलेल्या 100 चौरस फुटांत साधारण 1 किलोवॉट बसतं, व्हीलिंग लागत नाही आणि घसारा तुमचाच. फाउंड्रीची वाळूची धूळ मात्र पॅनलवर थर धरते, तेव्हा धुण्यासाठी पाण्याची लाइन आणि चालायला वॉकवे पहिल्याच कोटेशनमध्ये घालून घ्या.