मदत हवी आहे: शॉर्टवेव्हवर दिवसा घरघर, रात्री टकटक. उगम कसा शोधायचा?

मंडळी, रावेर तालुक्यातून लिहितोय. सातपुड्याच्या पायथ्याशी गाव, घराला लागूनच केळीची बाग. प्रश्न रेडिओवरच्या खरखरीचा आहे, पण मागची थोडी हकिकत सांगितल्याशिवाय तो नीट कळायचा नाही.

माझे वडील, अप्पा, १९७८ पासून शॉर्टवेव्हवर परदेशी स्टेशनं ऐकतात आणि वहीत नोंद ठेवतात. तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, स्टेशन, काय लागलं होतं, आणि शेवटी सिनपोचे पाच आकडे. एकवीस वह्या झाल्यात. रेडिओ मॉस्को, पूर्व जर्मनीचं रेडिओ बर्लिन इंटरनॅशनल, रेडिओ नेदरलँड, इक्वाडोरमधल्या क्विटोचं एचसीजेबी, यांची क्यूएसएल कार्डं, म्हणजे तुम्ही आम्हाला ऐकलंत याची स्टेशनने पाठवलेली पोच, पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलीत. त्या वेळचा पोस्टमन ही पाकिटं द्यायला आला की ओट्यावर टेकायचा, तिकिटं बघायचा, चहा घ्यायचा आणि मग पुढच्या गल्लीला जायचा.

चार वर्षांपूर्वी काचबिंदूने अप्पांची नजर गेली. आता उजेड की अंधार, एवढंच कळतं. वही मात्र थांबली नाही. माझी मुलगी सहावीत आहे, ती शेजारी बसून लिहिते. अप्पा घड्याळाची वेळ विचारतात, ती साडेपाच तास वजा करून यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, लिहिते. मग अप्पा डोळे मिटून सांगतात, "चार, तीन, दोन, तीन, तीन."

ज्यांना सिनपो माहीत नाही त्यांच्यासाठी: पहिला आकडा सिग्नलच्या जोराचा, दुसरा दुसऱ्या स्टेशनच्या अडथळ्याचा, तिसरा खरखरीचा, चौथा चढउताराचा आणि पाचवा एकूण कसं ऐकू आलं त्याचा. ५ म्हणजे उत्तम, १ म्हणजे वाईट. माझा सगळा प्रश्न त्या तिसऱ्या आकड्याचा आहे. जुन्या वह्यांत तो बहुतेक पानांवर ४ असायचा. गेल्या दिवाळीपासून तो २ वर आलाय आणि कधी कधी १ लिहावा लागतो.

सेट टेकसन पीएल-६६० आहे, चार पेन्सिल सेलवर चालतो. घराच्या धाब्यावरून अंगणातल्या निंबापर्यंत साधारण १५ मीटर तांब्याची वायर ताणली आहे.

आवाज दोन प्रकारचे आहेत.

पहिला दिवसाचा. सकाळी नऊच्या सुमाराला घरघर सुरू होते आणि पाच-साडेपाचला आपोआप जाते. ३१ आणि २५ मीटरच्या बँडवर (शॉर्टवेव्हचे पट्टे असे मीटरमध्ये सांगतात) सगळ्यात जास्त. ट्यूनिंगची चकती फिरवत गेलं की थोड्या थोड्या अंतरावर तिचा एकेक फुगवटा लागतो, मधे जरा मोकळं, परत फुगवटा.

दुसरा रात्रीचा. टक्, टक्, टक्. आधी वाटलं १०००० किलोहर्ट्झवरचा चीनचा बीपीएम हा वेळेचा सिग्नल पसरून येतोय, कारण तोही सेकंदाला ठोका देतो. अप्पा म्हणाले, हा घड्याळाचा ठोका नाही, मोजून बघ. मोजले तर मिनिटाला ५२ भरले. शिवाय तो एका ठिकाणी नाही, ४९ मीटरपासून १९ मीटरपर्यंत सगळीकडे आहे. पहाटे दव पडलं की वाढतो.

घरातलं तपासून झालंय. मेन स्विच बंद करून सेलवर ऐकलं. ओसरीतला एक एलईडी बल्ब आणि मोबाईलचा एक चार्जर दोषी निघाले, ते बदलले, तेवढा गोंगाट गेला. पण हे दोन आवाज मेन बंद केला तरी तसेच. गावाची लाईट गेली तरीही तसेच. म्हणजे डीपी किंवा विजेची तार नसावी.

मला शंका शेजारच्या काकांच्या शेतावर आहे. दिवाळीच्या आसपास त्यांनी सोलर पंप बसवला आणि बांधाला झटका मशीनची, म्हणजे जनावरांना हलका झटका देणाऱ्या कुंपणाची, तार ओढली. पण खात्री नसताना बोलायला जायचं नाही. गेल्या वर्षी रानडुकरांनी त्यांचा मका एका रात्रीत लोळवला, तेव्हा ती तार त्यांची गरज आहे. सोलर पंपामुळे त्यांचं रात्री दोन वाजता थ्री फेजची वाट बघत पाणी भरायला जाणं थांबलं, तिथे साप निघतात. माझ्या रेडिओसाठी ते बंद करा म्हणायला माझी जीभ उचलणार नाही.

तर विचारायचं एवढंच: आवाज तिथूनच येतोय हे पक्कं कसं करायचं, आणि त्यांचं काम न थांबवता तो कमी करता येतो का?

इंटरनेटवर ऐका, हा सल्ला कृपया नको. नेदरलँडमधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर, म्हणजे इंटरनेटवरून ऐकता येणारा तिथला रेडिओ, मोबाईलवर लावून दिला होता. स्वच्छ आवाज. अप्पांनी दहा मिनिटं ऐकला आणि म्हणाले, "हे तिकडच्या आभाळातलं आहे. आपल्या आभाळात काय येतंय ते लाव."

प्रतिसाद, भुसावळहून

दिवसाच्या आवाजाबद्दल एक विचारतो. ढग आला की घरघर खाली बसते का? तसं होत असेल तर सोलर पंपाचा कंट्रोलर समजा. पॅनेलमधून डीसी करंट येतो, मोटर थ्री फेज एसीची. कंट्रोलर त्या डीसीचे सेकंदाला हजारो वेळा तुकडे पाडून मोटारीला देतो. त्या तुकड्यांच्या कडा तीक्ष्ण असतात, म्हणून मूळ वेगाच्या दुप्पट, तिप्पट, हजारपट असा गोंगाट वर शॉर्टवेव्हपर्यंत चढतो. तुम्हाला थोड्या थोड्या अंतरावर फुगवटा लागतो तो त्यामुळेच. पॅनेलपासून कंट्रोलरपर्यंतच्या लांब केबली अँटेनाचं काम करतात.

प्रतिसाद, अमळनेरहून

भो, तुमचा टकटक आवाज शंभर टक्के झटका मशीन. बॅटरीवर चालतं म्हणून गावाची लाईट गेली तरी थांबत नाही. पण मशीन चांगलं आणि तार मोकळी असेल तर एवढा आवाज येत नाही. तार कुठेतरी गवताला टेकली असेल, इन्सुलेटर (तार खुंटापासून वेगळी ठेवणारा तुकडा) तडकला असेल किंवा तारेचा जोड सैल असेल, तर प्रत्येक ठोक्याला तिथे ठिणगी पडते आणि ती ठिणगी सगळ्या बँडवर ऐकू येते. दवाने वाढतो म्हणालात, त्यावरून तर गळती नक्कीच.

जागा शोधायची पद्धत सांगतो, मी आमच्या हरभऱ्याच्या शेतात केली आहे. बाहेरची वायर काढा. रेडिओ मीडियम वेव्हवर घ्या आणि जिथे एकही स्टेशन नाही अशा जागी लावा. आत फेराइटची (लोहचुंबकासारख्या पदार्थाची) कांडी असते, तीच मीडियम वेव्हची अँटेना, ती सेटच्या लांबीत आडवी बसवलेली असते. सेट हातात आडवा धरून हळूहळू गोल फिरवा. कांडीचं टोक उगमाकडे झालं की आवाज सगळ्यात कमी होतो. त्या रेषेत उगम, पुढे किंवा मागे. मग शंभरेक पावलं बाजूला जाऊन परत तेच करा. दोन रेषा जिथे कापतील तिथे चालत जा. जवळ गेल्यावर अंधारात ठिणगी डोळ्यांनी दिसते, कानालाही चट् चट् ऐकू येते. तारेला हात लावू नका.

काकांना जाऊन रेडिओचं सांगू नका, तारेचं सांगा. गळतीत झटक्याचा जोर वाया जातो, पुढच्या बांधावर डुकराला तो बसतच नाही. दुरुस्तीत त्यांचाच फायदा आहे.

प्रतिसाद, धुळ्याहून

अप्पांना माझा नमस्कार सांगा. माझेही वडील ऐकायचे, वही मात्र नव्हती.

आवाज गेल्यावरही काही जागा रिकाम्याच लागतील, ते आधीच त्यांच्या कानावर घाला. रेडिओ नेदरलँड २०१२ मध्ये शॉर्टवेव्हवरून गेलं. रेडिओ ऑस्ट्रेलिया ३१ जानेवारी २०१७ ला, कूकाबुरा पक्ष्याच्या हसण्यावरून ओळखायचो ते. बीबीसी हिंदी १९४० पासून येत होतं, तेही ३१ जानेवारी २०२० ला थांबलं. पण बँड मेला नाही. चीनचं स्टेशन काशगरच्या ट्रान्समीटरवरून आपल्याकडे दणदणीत येतं. बीबीसी इंग्रजी आहे, रोमेनिया आहे, कोरियाचं केबीएस आहे. दिवसा १६ मीटर जरूर चाळा. सूर्यावरचे डाग २०२४ च्या सुमाराला ऐन भरात आले, वरचे बँड त्यामुळे चांगले उघडतात. सूर्य मावळला की ३१, ४१, ४९ असे खाली या. आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी सगळ्यांची वेळापत्रकं बदलतात, तेव्हा ओळखीचं स्टेशन जागेवर नसलं तर लगेच बंद पडलं म्हणून वहीत लिहू नका.

धागाकर्ता, नऊ दिवसांनी

सगळ्यांचे आभार, मनापासून. सविस्तर सांगतो.

ढगाची परीक्षा झाली. मंगळवारी दुपारी आभाळ आलं. मुलगी ओट्यावर उभी राहून ढग सूर्यावर आला की ओरडायची आणि अप्पा आत रेडिओला कान लावून "बसला" किंवा "चढला" म्हणायचे. सात वेळा केलं, सातही वेळा जुळलं. कंट्रोलरच आहे.

टकटक शोधायला रात्री साडेनऊला निघालो. अप्पाही म्हणाले मी येतो. एका हाताने माझा खांदा धरला आणि दुसऱ्या हातात रेडिओ स्वतःच घेतला. सेट कसा फिरवायचा ते एकदा सांगितलं, नंतर मला बोलूच दिलं नाही. आमच्या विहिरीपाशी एक रेष धरली, बैलगाडीच्या वाटेवर दुसरी. दोन्ही काकांच्या वायव्येच्या कोपऱ्यावर कापल्या. तिथे शेवटच्या लाकडी खुंटावरचा पिवळा इन्सुलेटर मधून चिरलेला, चिरेत ओली माती, आणि तार खुंटाला टेकलेली. बॅटरी विझवली तर प्रत्येक ठोक्याला गव्हाच्या दाण्याएवढी निळी ठिणगी. मी अप्पांना सांगितलं, दिसते आहे. ते म्हणाले, "मला ऐकू येतेय."

सकाळी काकांकडे गेलो. तुम्ही म्हणालात तसं तारेचंच बोललो. काकांनी आधी मशीन बंद केलं, मग इन्सुलेटर बदलला आणि बांधाकडेचं गवत विळ्याने साफ केलं. मग त्यांनीच विचारलं, रात्री बॅटरी घेऊन बापलेक काय शोधत होता? तेव्हा सगळं सांगावं लागलं. काका संध्याकाळी घरी आले आणि तासभर अप्पांजवळ ऐकत बसले. अप्पांनी त्यांना पेटीतली कार्डं दाखवली, म्हणजे हाताने चाचपून एकेक सांगितलं, हे मॉस्कोचं, हे बर्लिनचं, याचा कोपरा उंदराने खाल्ला आहे.

टकटक गेली. अगदी शांत रात्री कान दिला तर कुठेतरी लांब येते, ती दुसऱ्या कुणाची तरी असेल.

आता कंट्रोलरचं काय करू? काका स्वतःच म्हणताहेत, काही करता येत असेल तर कर.

प्रतिसाद, भुसावळहून

कंट्रोलर उघडू नका. पॅनेलवर ऊन आहे तोवर त्या केबलीत काहीशे व्होल्ट असतात, स्विच बंद केला तरी पॅनेलच्या बाजूला ते राहतातच. वॉरंटीचाही प्रश्न आहे. काम बसवणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या, संध्याकाळी ऊन गेल्यावर. त्याला तीन गोष्टी सांगा. प्लस आणि मायनसच्या केबली लांब लांब गेल्या असतील तर एकत्र बांधून एकाच पाइपातून न्याव्यात, दोन्हींमधली मोकळी जागा जितकी कमी तितका गोंगाट कमी. अर्थिंग नीट आहे का बघावं, खडकाळ जमीन असेल तर हमखास कच्चं असतं. आणि केबली कंट्रोलरमध्ये शिरतात तिथे फेराइटच्या क्लिप बसवाव्यात, वरून चिमटतात, वायर तोडावी लागत नाही.

तुमच्या बाजूला अँटेनाची जागा बदला. निंबाकडची वायर काकांच्या शेताच्या दिशेनेच जात असेल तर ती उलट बाजूला, घराच्या मागे न्या. तेही पुरलं नाही तर साधारण एक मीटर व्यासाचा लूप, म्हणजे गोल कड्यासारखी अँटेना, करा. मीडियम वेव्हला सेट फिरवून आवाज पाडलात ना, तोच प्रकार शॉर्टवेव्हवर करता येतो. अप्पांच्या हाताला ते जमेल.

धागाकर्ता

वायर मागच्या बाजूला, गोठ्यावरून नेली. केबली बांधून झाल्या, क्लिपा जळगावहून आणायच्या आहेत. दुपारचा तिसरा आकडा २ वरून ३ वर आला. लूपसाठी अॅल्युमिनियमचा पाइप पाहून ठेवला आहे, जमला की त्याचा वेगळा धागा काढतो.

रात्रीची कालची नोंद मुलीने लिहिलेली, जशीच्या तशी:

१५:३० यूटीसी, ३१ मीटर, चीन, हिंदी, बातम्या. ४ ४ ४ ३ ४.