दातांच्या जुन्या एक्स-रे फिल्म स्कॅन केल्यात, सगळ्यांचा ब्राइटनेस सारखा कसा आणायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जळगावहून लिहितोय. इथल्या आणि भुसावळकडच्या दातांच्या डॉक्टरांकडून मिळालेल्या छोट्या फिल्म, त्या ३१ बाय ४१ मिमीच्या, फ्लॅटबेड स्कॅनरवर खालून लाइट देऊन १६ बिट टिफमध्ये घेतोय, ऑटो एक्स्पोजर बंदच ठेवलंय, तरी एकाच पेशंटच्या दोन वर्षांतल्या फिल्म शेजारी ठेवल्या की एकीत दाढेच्या मुळाजवळचं हाड पांढरंफेक दिसतं आणि दुसरीत करडं, मग हाड खरंच झिजलंय की फिल्म धुवायचं रसायन (डेव्हलपर) जुनं होतं हे सांगणार कसं?

हिस्टोग्राम इक्वलायझेशन (चित्रातले उजळ-गडद टोन आपोआप समान पसरवणं) करून बघितलं, दिसायला झकास, पण ज्या फिल्ममध्ये चांदी भरलेली दाढ आहे तिथे तो पांढरा ठिपका सगळं गणित बिघडवतो. क्लाहे (CLAHE, त्याचाच तुकड्या-तुकड्याने चालणारा प्रकार) तर प्रत्येक तुकड्याचा कॉन्ट्रास्ट वेगळा ओढतं, त्यामुळे मोजमापासाठी ते नकोच असं माझं मत आहे. अॅल्युमिनियमचा स्टेप वेज (पायऱ्या-पायऱ्यांनी जाड होत जाणारी, तुलनेसाठीची पट्टी) सोबत ठेवून एक्स-रे काढला असता तर प्रश्नच नव्हता, पण जुन्या फिल्ममध्ये तो कुठून आणणार.

आता डोक्यात असं आहे की दाताबाहेरची, पूर्ण एक्स्पोज झालेली काळी जागा आणि दाताचं निरोगी इनॅमल (वरचं कठीण आवरण) हे दोन पॉइंट धरून बाकीच्या व्हॅल्यू सरळ रेषेत बसवायच्या. पण फिल्मचा प्रतिसाद सरळ रेषेत नसतो ना, मग आधी ऑप्टिकल डेन्सिटीत (फिल्म किती काळी आहे याच्या लॉग मापात) बदलून घ्यावं का? इमेजजे (ImageJ, चित्रं मोजायचं मोफत सॉफ्टवेअर) मध्ये किंवा पायथनमध्ये कुणी हे केलंय का? पेशंटची नावं काढून सॅम्पल देतो, प्लीज सांगा.