मदत हवी आहे: बसऱ्याला गेलेले पणजोबा, ११० वी मराठा पलटण, १९१६

नमस्कार मंडळी,

माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात इराकमधल्या बसऱ्याला गेले आणि परत आले नाहीत. घरात एवढंच माहीत आहे. गाव खेड तालुक्यातलं, रत्नागिरी जिल्हा. गेल्याची तिथी कधी कळलीच नाही, म्हणून त्यांचं श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला घालतात. वडील आता थकलेत. त्यांच्या हयातीत निदान तारीख तरी कळावी, अशी फार इच्छा आहे.

हाताशी एकच वस्तू आहे, काशाचं विजय पदक. एका बाजूला पंखवाली देवता, मागे १९१४-१९१९. कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि शेवटी ११० मराठा. नंबरातला पहिला आकडा पार झिजलाय. बाकीचे टॉर्च तिरका धरला की लागतात. गावच्या चावडीत फलक आहे, पण त्यावर किती गेले आणि किती कामी आले एवढंच. नाव एकाचंही नाही, याचं फार वाईट वाटतं.

११० वी म्हणजे सहाव्या पुणे डिव्हिजनमधली, ब्रिटिश जनरल टाउनशेंडच्या हाताखालची. १०३ आणि ११७ या मराठा पलटणीही त्याच डिव्हिजनमध्ये होत्या. बगदादच्या अलीकडे टेसिफोनला नोव्हेंबर १९१५ मध्ये तुर्कांशी लढाई झाली, तिथून माघार घेत फौज कुत-अल-अमारा या गावी आली आणि ७ डिसेंबरपासून तुर्कांच्या वेढ्यात अडकली. शेवटी घोड्याचं मांस खायची पाळी आली. आपल्या शिपायांनी ते कित्येक आठवडे नाकारलं, उपाशी राहिले. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार जण शरण गेले. पुढे कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, बऱ्याच हिंदी शिपायांना आजच्या सीरियातल्या रास-अल-ऐनकडे रेल्वेच्या कामाला जुंपलं. किती तरी वाटेतच गेले.

युद्धात कामी आलेल्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर याच पलटणीत आमच्या नावाचे तीन शिपाई सापडले, तिन्ही बसरा स्मारकावरचे, म्हणजे थडगं माहीत नसलेले. दोघांच्या नोंदीत बापाचं नाव आणि गाव आहे, ते आमचे नव्हेत. तिसऱ्याच्या नोंदीत दोन्ही नाही, मृत्यूची तारीख मात्र १९१६ च्या पावसाळ्यातली, शरणागतीनंतरची. नंबरातले वाचता येणारे आकडेही जुळतात. माझं मन सांगतं की हेच आमचे, पण वडिलांना सांगायचं तर खात्री हवी.

जाणकारांनी कृपया एवढं सांगावं. रेडक्रॉसच्या जिनिव्हातल्या युद्धकैद्यांच्या याद्या आता ऑनलाइन आहेत. त्यात तुर्कांच्या कैदेतला साधा मराठी शिपाई कुणाला सापडलाय का? नाव कोणत्या स्पेलिंगने शोधलंत? इंग्रज कारकुनांनी आपली आडनावं कशीही लिहिली आहेत, बऱ्याचदा आडनाव गाळून नुसतं नाव आणि बापाचं नाव.

दुसरं, १९२२ मध्ये ११० वी पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन झाली. रेजिमेंटचं केंद्र बेळगावला आहे. तिथे इतक्या जुन्या भरतीच्या नोंदी पाहायला मिळतात का, आणि अर्जासोबत वारस असल्याचा काय पुरावा लागतो? सातबारा आणि जुन्या फेरफारात पणजोबांचं नाव आहे, तेवढं चालेल का?

पणजीला पोस्टातून पेन्शन यायची असं आजी सांगायची. पेन्शनच्या कागदावर मृत्यूची तारीख असणारच. ते कागद रत्नागिरीला कुठल्या दप्तरात मिळतील हे कुणाला ठाऊक असेल तर सर्वात मोठी मदत होईल. मी स्वतः जाऊन बसायला तयार आहे.

पदकाच्या कडेचे फोटो खाली प्रतिसादात टाकतो. पूर्ण नाव आणि गाव व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) कळवेन. खेड, दापोली, मंडणगडकडच्या कुणाच्या घरी ११० व्या पलटणीचं पदक असेल तर त्यांनीही जरूर लिहा. एकाच गावचे शिपाई पुष्कळदा एकत्र भरती होत, त्यामुळे जवळजवळचे नंबरसुद्धा उपयोगी पडतील.