जुन्या कडीपाटावर कोटा फरशी बसवावी का?

प्रश्न:
इंदूरला राजवाड्याच्या मागे आमचे आजोबांच्या काळातले घर आहे. माडीवरच्या १० बाय १२ फुटांच्या देवघराच्या खोलीची जमीन सागवानी कडीपाटाची (कड्यांवर ठोकलेल्या फळ्यांची) असून कड्यांचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधले अंतर, १० फुटांचा आहे. आईला तिथे कोटा फरशी हवी आहे. फळ्यांवर जाळी अंथरून दोन इंच मसाला टाकला की झाले, असे गवंडी म्हणतो. परंतु कोणी चालले तरी तांब्यातले पाणी थरथरते, म्हणून मन धजावत नाही.

उत्तर १:
आधी वजन पाहावे. २५ मिमी कोटा दर चौरस मीटरला सुमारे ६५ किलो आणि दोन इंच मसाला १०० किलो, म्हणजे तुमच्या खोलीत अठराशे किलोंच्या आसपास कायमचा भार येईल. त्याऐवजी १५ मिमीची एकसारख्या जाडीची फरशी, १८ मिमीचे मरीन प्लाय आणि लवचीक पॉलिमर अ‍ॅडहेसिव्ह वापरल्यास हा भार दर चौरस मीटरला ६० किलोंच्या जवळपास राहतो. मसाल्याचे पाणी फळ्यांत मुरते, हा तोटा वेगळाच.

उत्तर २:
वजनाइतकाच लवचिकतेचा प्रश्न आहे. भाराखाली कडी किती वाकावी, याचा अमेरिकेत प्रचलित असलेला निकष सिरॅमिकसाठी गाळ्याच्या १/३६० आणि नैसर्गिक दगडासाठी १/७२० असा आहे. तुमच्या १० फुटांना तो जेमतेम ४ मिमी येतो.

प्रश्नकर्ता:
दोरी ताणून पाहिली, तर मध्यभागी १२ मिमी झोळ निघाला. म्हणजे बेत सोडावा का?

उत्तर २:
तो झोळ वर्षानुवर्षांच्या भाराने आलेला आहे. वरचा निकष त्याला लागू नाही. खालच्या खोलीत कडीच्या मध्याखाली काठी उभी करून थोडी फट ठेवावी, वर चार-पाच माणसे उभी करावीत आणि फट किती कमी झाली ते मोजावे. ४ मिमीहून जास्त भरल्यास प्रत्येक कडीला बाजूने नवी कडी बोल्टने जोडावी, तिचा वरचा काठ पाणसळीत ठेवला की झोळही निघतो. दोन कड्यांमध्ये घट्ट ठोकळे ठोकावेत. मात्र या साऱ्याआधी भिंतीत गेलेली कड्यांची टोके कुजलेली नाहीत ना, हे टोच्याने तपासावे. मग सुट्या फळ्या स्क्रूने कसून त्यांवर प्लाय बसवावे, प्लायच्या तुकड्यांमध्ये ३ मिमी आणि भिंतीलगत ६ मिमी फट सोडावी. भिंतीलगतच्या फटीत मसाला न भरता सिलिकॉन भरावे.

प्रश्नकर्ता:
चौकाकडच्या भिंतीतल्या दोन कड्यांत टोचा बोटभर सहज आत गेला. वर पन्हाळ गळत होती, हे आम्हाला ठाऊकच होते. फरशी दिवाळीनंतर पाहू, आधी पन्हाळ दुरुस्त करून सुताराला बोलावतो.